चष्मा उतरला, पण आकाश अजून बारा महिने दूर!

लेसरनं चष्म्याचा नंबर जातो आणि हवाई दलाचा वैमानिक होण्याचा मार्ग मोकळा होतो, असं अनेक घरांत मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लेसर लागतं काही मिनिटं. खरी परीक्षा त्यानंतरच्या वर्षाची असते, आणि तिचा निकाल बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच ठरलेला असतो.

दिल्लीत धौला कुआँच्या चौकातून विमानतळाकडे निघालं की सुब्रतो पार्क लागतं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचं नाव या वसाहतीला दिलेलं आहे. इथेच हवाई दलाची केंद्रीय वैद्यकीय आस्थापना आहे. भावी वैमानिकांची शारीरिक तपासणी होते ती इथे, नाहीतर बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी इथल्या निवड मंडळांतून पाच दिवसांची मुलाखत पार करून आलेली मुलं-मुली हातात फाईल घेऊन या दारात उभी राहतात. त्यात सातारा, नाशिक, संभाजीनगर, नागपूरकडची मराठी मुलंही असतात. लेखी परीक्षा झालेली असते, मुलाखत झालेली असते. आता फक्त ‘मेडिकल’ बाकी असतं. आणि डोळ्यांच्या खोलीत नेमकं घोडं पेंड खातं!

वैमानिकाच्या डोळ्यांबाबत हवाई दलाचा हिशेब कडक आहे. एका डोळ्यानं ६/६ आणि दुसऱ्यानं किमान ६/९ दिसायला हवं. लांबच्या नजरेचा, म्हणजे ‘प्लस’चा थोडा नंबर चालतो. पण जवळच्या नजरेचा, म्हणजे ‘मायनस’चा नंबर चालत नाही. आपल्याकडे शाळकरी वयात लागणारे बहुतेक चष्मे तर ‘मायनस’चेच! आठवी-नववीत फळा दिसेना म्हणून डॉक्टरकडे गेलेला मुलगा चष्मा घेऊन घरी येतो, आणि त्याच दिवशी भिंतीवरच्या मिग विमानाच्या चित्राकडे पाहून हिरमुसतो.

अशा मुलांसाठी हवाई दलानं एक खिडकी उघडी ठेवली आहे. पीआरके किंवा लेसिक या लेसर शस्त्रक्रियेनं नंबर घालवलेल्या उमेदवारांना काही अटींवर सर्व शाखांत प्रवेश मिळू शकतो. वैमानिकाची शाखाही त्यात आली. अटी मात्र नीट वाचायला हव्यात.

पाच अटी, पाच कारणं

पहिली अट वयाची. शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी. दुसरी, शस्त्रक्रियेला किमान बारा महिने उलटलेले असावेत आणि त्या काळात कोणतीही गुंतागुंत झालेली नसावी. तिसरी, आधीचा नंबर सहापेक्षा जास्त नसावा. चौथी, ऑपरेशननंतर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाचवी अट डोळ्याच्या लांबीची. हवाई दलाच्या जाहिरातींत ही मर्यादा २५.५ मिलिमीटर अशी छापली गेली आहे.

वरवर पाहता हे आकडे सरकारी खाक्याचे वाटतात. पण प्रत्येकामागे कारण आहे.

‘मायनस’ नंबर लागतो तो बहुधा डोळा मागेपुढे जास्त लांबल्यामुळे. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की ढोबळमानानं अडीच-तीन नंबर चढतो. लांबलेल्या डोळ्यात आतला पडदा, म्हणजे रेटिना ताणला जातो, कडेला पातळ होतो, कधी त्याला भोकं पडतात. लेसर फक्त समोरच्या कॉर्नियाला नवा आकार देतं. डोळ्याची लांबी आणि रेटिना जसे होते तसेच राहतात! म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या मुलाच्याही डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून डॉक्टर आत डोकावतात.

विसाव्या वर्षाची अटही याच कारणानं. वाढत्या वयात डोळाही वाढत असतो. सतराव्या वर्षी लेसर केलं आणि अठराव्या वर्षी डोळा आणखी लांबला, की नंबर परत हजर. ऑपरेशन फुकट आणि कॉर्निया मात्र कायमचा पातळ.

याचा एक कटू अर्थ पालकांनी समजून घ्यायला हवा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेसर मात्र विसाव्या वर्षानंतर. म्हणजे बारावीनंतर लेसर करून प्रबोधिनीतून वैमानिक होण्याचा रस्ताच नाही. तरीही ‘आत्ताच करून टाकू’ म्हणून अठराव्या वर्षी मुलाला टेबलावर झोपवलं, तर प्रबोधिनी मिळत नाहीच आणि पुढे पदवीनंतरचं दारही बंद होतं. घाई केली ती मुलाच्या भल्यासाठी, आणि नुकसान झालं ते मुलाचंच!

एका मद्रासी शास्त्रज्ञाची देणगी

या लेसरची जन्मकथा मोठी गमतीदार आहे, आणि तिचा एक नायक भारतीय आहे. १९२९ मध्ये मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधन करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाची मेजवानी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत आणला. त्यावर एक्सायमर लेसरचे अतिनील किरण सोडले, तेव्हा आजूबाजूचा भाग न जळता सुबक खाच पडली. श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या तिघांचा हा शोध पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी उचलला. पीआरके आलं, मग लेसिक आलं, अलीकडे स्माईल आलं.

पीआरकेमध्ये कॉर्नियावरची तलम साल बाजूला काढून खालचा भाग लेसरनं घासतात. साल आपोआप पुन्हा येते. लेसिकमध्ये वरच्या थराची पातळ झडप उचलतात, खाली लेसर मारतात आणि झडप परत बसवतात. स्माईलमध्ये लहानशा चिरेतून आतली पातळ चकती काढून घेतात.

सैन्याला मात्र हे सगळं पटकन मान्य झालं नाही. त्याला कारण होती लेसरच्या आधीची पद्धत. रेडियल केराटोटॉमी नावाच्या त्या शस्त्रक्रियेत हिऱ्याच्या सुरीनं कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देत. अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांचे डोळे असेच केलेले होते. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढताना विरळ हवेत त्यांची नजर अंधुक झाली, त्यांना वाटेत थांबावं लागलं, आणि मागून आलेल्या वादळात ते मरता मरता वाचले. उंचीवर प्राणवायू कमी झाला की अशा चिरा दिलेल्या कॉर्नियाचा आकार बदलतो. ज्याला हजारो फुटांवर काम करायचं आहे, त्याच्यासाठी हे जिवावरचंच दुखणं. ही शस्त्रक्रिया झालेल्यांना आपलं हवाई दल कोणत्याही कामासाठी घेत नाही.

लेसरची गोष्ट वेगळी निघाली. अमेरिकी नौदलात स्टीव्हन शॅलहॉर्न नावाचे डॉक्टर होते. आधी ते स्वतः एफ-१४ विमानाचे वैमानिक होते! त्यांनी १९९० च्या दशकात नौदलातल्या माणसांवर लेसरच्या चाचण्या घेतल्या. लेसरनंतरचा डोळा रात्री, उंचीवर कसा टिकतो, हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं. अमेरिकी हवाई दलानं २००७ मध्ये वैमानिकपदाच्या उमेदवारांसाठी लेसिकवरची बंदी उठवली. त्याच वर्षी ‘नासा’नंही अंतराळवीरांसाठी लेसर मान्य केलं. दार उघडलं ते पुराव्यांवर, कुणाच्या हट्टावर नव्हे.

थेंबांचे दिवस

ऑपरेशननंतरच्या वर्षात होतं तरी काय?

लेसिक किंवा स्माईल असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसू लागतं. घरात पेढे वाटले जातात. पीआरकेचं मात्र तसं नाही. पहिले तीन-चार दिवस डोळे झोंबतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. डोळ्यावर पट्टीसारखी एक लेन्स ठेवलेली असते. ती साल भरून आल्यावर काढतात. नजर स्वच्छ व्हायला कित्येक आठवडे लागतात. इतकं सोसायचं, तरी काही डॉक्टर सैन्यात जाणाऱ्यांना पीआरके सुचवतात, कारण त्यात झडप नसते. लेसिकची झडप घट्ट बसली तरी डोळ्याला जोराचा मार लागल्यास ती वर्षांनंतरही सरकू शकते. कोणती पद्धत घ्यायची हे ठरवताना ‘मला सैन्यात जायचं आहे’ हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं.

मग सुरू होतं थेंबांचं वेळापत्रक. जंतुनाशक थेंब आठवडाभर. स्टेरॉईडचे थेंब लेसिकला थोडे दिवस, पीआरकेला कित्येक आठवडे, हळूहळू कमी करत न्यायचे. हे थेंब मनानं बंद करायचे नाहीत आणि मनानं वाढवायचेही नाहीत. स्टेरॉईडनं काहींच्या डोळ्यांतला दाब चढतो, म्हणून ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवायची नाही. कोरडेपणासाठीचे थेंब मात्र अनेक महिने सोबत राहतात. शस्त्रक्रियेत कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. त्या पुन्हा वाढेपर्यंत डोळ्याला कोरडेपणाची जाणीवच नीट होत नाही. एअर कंडिशनरच्या झोतासमोर रात्रभर अभ्यास करणाऱ्या मुलांना हा त्रास जास्त जाणवतो.

दुसरा त्रास रात्रीचा. रिंग रोडवर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, प्रकाश फाकल्यासारखा वाटतो. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो. सगळ्यांचा पूर्ण जातोच असं नाही. ऑफिसात बसणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटणार नाही. रात्री धावपट्टीवर उतरायचं स्वप्न पाहणाऱ्याला वाटतं.

तिसरी गोष्ट मनाला सर्वांत जास्त खाते. पहिल्या महिन्यात ६/६ दिसणारा डोळा सहाव्या महिन्यात पाव-अर्धा नंबर परत घेऊन येतो का? काहींना तो येतो. साध्या माणसाच्या दृष्टीनं पाव-अर्धा नंबर म्हणजे काहीच नाही. वैमानिकपदाच्या उमेदवाराला तो अडवू शकतो. पुन्हा लेसर करावं, तर कॉर्निया आणखी पातळ होतो आणि बारा महिन्यांची मोजणी नव्यानं सुरू होते, असंच धरून चालावं. बारा महिन्यांची अट आहे ती यासाठीच. डोळा स्थिर झाला की नाही, हे काळाशिवाय कुणी सांगू शकत नाही.

दिल्लीची हवा आणि हळवे डोळे

परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीत मुखर्जीनगरला नाहीतर गुडगाव-नोएडात राहणाऱ्या मुलांनी ऑपरेशनचा महिनाही विचार करून निवडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीवर धुराची चादर पसरते. शेतातले जाळलेले खुंट, दिवाळीचे फटाके, गाड्यांचा धूर यांनी धडधाकट डोळेसुद्धा चुरचुरतात. मे-जूनमध्ये राजस्थानकडून धुळीच्या आंधी येतात. मार्चमध्ये होळीचा रंग! ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यांत यातलं काहीही जाऊ नये. डोळा चोळायचा नाही, हा तर पहिला नियम. बाहेर पडताना अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा लावावा. पीआरकेनंतर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ नये म्हणून तो महत्त्वाचा. पोहणं महिनाभर तरी बंद. धावणं-व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि घाम डोळ्यांत उतरू न देता.

घरच्यांनी एक करावं. रोज सकाळी ‘समोरची पाटी वाच बघू’ असं म्हणून मुलाची परीक्षा घेऊ नये. नजर दिवसागणिक थोडी वरखाली होते, आणि प्रत्येक वेळी घरभर चिंता पसरते. या काळात मुलानं अभ्यास करावा, पळावं, वाचावं. मोजमाप डॉक्टरांच्या यंत्रावर सोडावं.

तारखांचं गणित

आता मुख्य हिशेब. पदवीनंतर वैमानिक होण्यासाठी वय २० ते २४. कमर्शियल पायलटचा परवाना असेल तर २६ पर्यंत. हे वय मोजतात प्रशिक्षण सुरू होण्याच्या तारखेला, म्हणजे साधारण १ जानेवारी किंवा १ जुलैला. आणि लेखी परीक्षेपासून हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या प्रबोधिनीत पाऊल ठेवेपर्यंत वर्षभर सहज जातं.

समजा, एक मुलगा मार्च २००६ मध्ये जन्मला. मार्च २०२६ मध्ये तो वीस वर्षांचा झाला आणि एप्रिलमध्ये त्यानं लेसर करून घेतलं. एप्रिल २०२७ मध्ये बारा महिने पूर्ण. चोविसावं वर्ष मार्च २०३० मध्ये पूर्ण होणार. म्हणजे जानेवारी २०२८ पासून जानेवारी २०३० पर्यंतच्या चार-पाच तुकड्या त्याच्या हाताशी आहेत. तोच मुलगा ‘आधी इंजिनिअरिंग संपू दे’ म्हणत साडेबावीस वर्षांचा होईपर्यंत थांबला, तर त्याच्याकडे जेमतेम एखादीच संधी उरते. अठराव्या वर्षी केलं तर बाद, तेविसाव्या वर्षी केलं तर उशीर. मधली वाट अरुंद आहे, पण आहे!

लेसरच्या आधी हे करा

खरी गंमत पुढेच आहे. लेसरवर मोठा खर्च करण्याआधी ज्या तपासण्या करायला हव्यात, त्या फारशा महाग नसतात. आणि बरेच जण त्याच विसरतात.

रंगांची ओळख पक्की आहे का? रंगांधळेपणा लेसरनं जात नाही. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर आहे का? पायांची आणि बसलेल्या अवस्थेतली उंची कॉकपिटच्या मापात बसते का? तिरळेपणाचा अंश आहे का? रेटिना निरोगी आहे का? डोळ्याची लांबी किती? यातल्या एकाही ठिकाणी कायमची अडचण असेल, तर लेसरनं चष्मा जाईल, पण वैमानिकपद मिळणार नाही.

कॉर्नियाचं गणित तर घरीही मांडता येतं. आपल्या कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. एका नंबरासाठी लेसर सुमारे १२ ते १५ मायक्रॉन खर्च करतं. चार नंबर असलेल्याचे ५० ते ६० गेले, तरी ४८० उरतात. ठीक. पण मुळात ५०० मायक्रॉनचा कॉर्निया असलेल्या पाच नंबरवाल्याचे ६० ते ७५ गेले, तर उरतात ४२५ ते ४४०. नेहमीच्या रुग्णासाठी डॉक्टर कदाचित हे ऑपरेशन सुरक्षित ठरवतील आणि ते चूक नसेल. हवाई दलाच्या ४५० च्या रेषेखाली मात्र हा मुलगा कायमचा गेला! डॉक्टरांचं ‘सुरक्षित’ आणि हवाई दलाचं ‘पात्र’ यांत हा असा फरक आहे. तो टेबलावर झोपण्याआधी कळला पाहिजे.

आणि हो, ऑपरेशन लपवू नका. कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावर लेसरची खूण स्पष्ट उमटते. परवानगी असलेली गोष्ट लपवून स्वतःला खोटं ठरवून घेण्यात काय शहाणपण?

दार एकच नसतं

इतकं करूनही कुणाला वाटाण्याच्या अक्षता मिळतील. वैद्यकीय निकालाविरुद्ध ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांत ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो. प्रवासी विमानाचा वैमानिक तर चष्मा लावूनही होता येतं. डॉ. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलात वैमानिक व्हायला डेहराडूनला गेले होते. जागा आठ होत्या, त्यांचा नंबर नववा आला. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून ते आकाशात गेले, तेव्हा ते ७४ वर्षांचे राष्ट्रपती होते.

फाईलमध्ये काय हवं?

• ऑपरेशनपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची जाडी व नकाशा, डोळ्याची लांबी यांचे कागद.

• शस्त्रक्रियेची तारीख, पद्धत आणि डॉक्टरांची सही असलेला दाखला.

• नंतरच्या प्रत्येक तपासणीची नोंद: नजर, नंबर, डोळ्यांतला दाब.

• कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर मोजमापाआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या हे डॉक्टरांना विचारा. लेन्सनं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात.

• नियम वेळोवेळी बदलतात. ज्या भरतीसाठी अर्ज करणार, तिचीच ताजी जाहिरात ऑपरेशनच्या आधी वाचा, आणि अर्ज भरताना पुन्हा एकदा.